कातिणीवरचा आळ

मी एक म्हातारी कातीण आहे, मित्रांनो. माझं वय अकरा महिने. तुमच्याकडे एवढ्या वयाचं मूल अजून धड उभंही राहत नाही, पण आमच्यात अकरा महिन्यांत सगळं आयुष्य जगून होतं. पुस्तकात मला कोळी म्हणतात. आमच्या बीड जिल्ह्यात मात्र म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी कातीण हेच नाव आहे, म्हणून मीही तेच सांगते.

माझं गाव तेलगाव. तिथं वैजिनाथ यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानामागे त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांची बायको शिवांजली ब्लाउज आणि फ्रॉक शिवते. त्या खोलीच्या भिंतीवर रिळं अडकवायची एक लाकडी पाटी आहे. तिच्यामागच्या फटीत मी जन्मले.

कातीण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जाळं येत असेल. मी जाळं विणत नाही. मी उडी मारून शिकार करते. मला आठ डोळे आहेत. समोर चार, त्यातले मधले दोन मोठे, बाकीचे चार बाजूंना आणि मागे. माशी दिसली की मी मांजरासारखी दबकत जाते, मागच्या टोकानं भिंतीला एक धागा चिकटवते आणि झेप घेते. नेम चुकला तर त्या धाग्याला लोंबकळते आणि पुन्हा वर चढते. मला कान नाहीत. पायांवरच्या बारीक केसांतून आवाज कळतो. शिवांजलीची मशीन सुरू झाली की माझे आठही पाय थरथरायचे. पहिले काही दिवस मी घाबरून फटीतच बसायचे. मग सवय झाली.

एक दिवस मशीनच्या मानेवर बसलेली माशी मी धरली. शिवांजलीनं पायडल थांबवलं.

"बाई, मांजरीनं उंदीर धरावा तशी धरली की," ती म्हणाली.

तिनं माझ्यापुढे बोट हलवलं. मी बोटाकडे वळले. तिनं बोट दुसरीकडे नेलं, मी तिकडे वळले. मुंगीला नाही जमत, झुरळाला नाही जमत. आम्ही मात्र मान वळवावी तसं अंग वळवून माणसाकडे बघतो. तिला त्याचं फार नवल वाटलं. तिनं आपल्या मुलीला बोलावलं. ईश्वरी आठ वर्षांची. ती पळत आली आणि तिनं पावडरच्या डबीचा आरसा माझ्यासमोर धरला. आरशात दुसरीच कातीण बघून मी पुढचे दोन पाय उंच केले. ईश्वरी पोट धरून हसली.

"आई, हिला चार-चार चष्मे लागतात," ती म्हणाली, आणि तेव्हापासून माझं नाव चष्मेवाली पडलं.

ते दिवस सुखाचे होते. कापडाच्या ढिगावर बसणारे डास मी खायचे, शिवांजली मला पाहून मशीनवरची कात्री अलगद उचलायची. खिडकीच्या गजावर एक नर आला, पुढचे पाय वर करून डावीउजवीकडे नाचला. त्याचा नाच मी बराच वेळ पाहिला आणि मला तो आवडला. श्रावण अर्धा सरला तेव्हा मी रिळांच्या पाटीमागे पांढरं रेशमी घर विणलं आणि त्यात तीस अंडी घातली. अंडी घातल्यावर आम्ही फार लांब जात नाही. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तीन आठवडे त्यांच्यावर बसून राखण करतो. फारच भूक लागली तर जवळच्या भिंतीवर एक फेरी, की परत.

आणि त्याच तीन आठवड्यांत माझ्यावर आळ आला.

तो गुरुवार होता. दिवसभर पावसाची भुरभुर होती आणि गावाभोवतीच्या उसातून, कपाशीतून बारीक पाखरं उजेडाकडे येत होती. शिवांजलीकडे गौरींच्या सणाची कामं होती, म्हणून ट्यूबलाइट संध्याकाळी लवकरच लागली. तिच्याखाली ईश्वरी गृहपाठ करत बसली. मी भिंतीवर तिच्या वहीपासून हातभर अंतरावर होते.

ट्यूबलाइटवरून एक किडा खाली पडला. मुंगीएवढा, लांबट, पोट नारिंगी आणि डोकं काळं. हा किडा मला माहीत होता. लहानपणी मी त्याला एकदा तोंडात धरलं होतं आणि तसंच टाकून दिलं होतं. त्याच्या अंगात जहाल रस असतो. तो चावत नाही, डंख मारत नाही, नुसता चालतो. पण त्याला चिरडलं की तो रस बाहेर येतो.

किडा ईश्वरीच्या मानेवर चढला. तिला गुदगुल्या झाल्या. वहीवरची नजर न उचलता तिनं तळहातानं मान चोळली, आणि मग त्याच हातानं डोळा चोळला.

मी सगळं पाहिलं, मित्रांनो. आठ डोळ्यांनी पाहिलं. पण सांगायला मला वाचा नव्हती.

शनिवारी सकाळी ईश्वरीच्या मानेवर लाल रेघ उठली होती. चटका बसावा तशी. दुपारपर्यंत रेघेवर पाण्याचे फोड आले आणि डाव्या डोळ्याची पापणी सुजून डोळा झाकून गेला. पोर आग आग म्हणून रडत होती. वैजिनाथ तिला मोटारसायकलवर डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मलम दिलं, डोळ्याला हात लावू देऊ नका म्हणाले, आणि कसल्या तरी किड्याचं आहे एवढं सांगितलं.

घरी मल्लम्मा आजी वाट पाहत होत्या. वैजिनाथांच्या आई. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि शब्द एकदा बोलला की तो घरात शेवटचा. त्यांनी नातीची मान उजेडाकडे वळवली.

"कातीण मुतली हिच्यावर," त्या म्हणाल्या. "रेघ बघा की कशी सरळ उठली. आमच्या माहेरी नांदूरघाटला असंच झालतं एका पोरीला."

"डॉक्टर किडा म्हणले, आत्या," शिवांजली म्हणाली.

"मंग कातीण काय हत्ती हाय? किडाच हाय की. आन् तुमी तर तिला मांडीवर घेऊन बसायचं तेवढं राहिलं. नाव ठिवलं, आरसे दाखिवले."

ईश्वरी एका डोळ्यानं आजीकडे बघत म्हणाली, "चष्मेवालीनं काय केलं न्हाई, आजी."

"तुला झोपेत काय कळतंय? गप पड."

मी भिंतीवरून तिच्याकडे पाहत होते. तिनंही माझ्याकडे पाहिलं. पण त्या दिवशी तिनं बोट हलवलं नाही.

मग झाडू निघाला. मल्लम्मा आजींनी कमरेला पदर खोचला आणि कोपरा न् कोपरा झोडपला. छताजवळ लांब पायांची एक कातीण जाळ्यात बसायची. बिचारी वर्षभर एका जागेवरून हलली नव्हती. ती गेली. देव्हाऱ्यामागची चपटी कातीण गेली. मी भिंतीवर अर्ध्या वाटेत होते. माझी अंडी पाटीमागे, आणि माझ्या नि अंड्यांच्या मध्ये झाडू.

खिडकी माझ्यापासून दोन उड्यांवर होती. बाहेर पडले असते तर वाचले असते. मी पाटीच्या दिशेनं उडी घेतली.

झाडूचा फटका मला हवेतच लागला. मी कोसळले, पण धागा चिकटलेला होता. मशीनच्या मागे त्या धाग्याला लोंबकळत राहिले. वरून आजींचा आवाज येत होता, "कुठं गेली? पडली का?" मी हलले नाही. थोड्या वेळानं झाडू दुसऱ्या खोलीत गेला. वर चढताना कळलं, माझा उजवीकडचा एक पाय जागेवर नव्हता. सात पायांनी मी पाटीमागे पोचले. अंडी शाबूत होती. मी त्यांच्यावर आडवी झाले आणि दोन दिवस बाहेर पडले नाही.

रविवारी संध्याकाळी शिवांजली पुन्हा मशीनवर बसली. सणाची कामं थांबत नाहीत. ती पांढरं अस्तर शिवत होती. मी फटीतून बघत होते. तसलाच एक नारिंगी-काळा किडा तिच्या हातावरून चढत कोपरापर्यंत आला. मला वाटलं, आता तरी ती खाली बघेल. तिनं हात दुमडला. कोपराच्या घडीत किडा चिरडला. तिला काहीतरी वळवळल्यासारखं झालं, तिनं न बघता तिथं अस्तराच्या टोकानं पुसलं आणि ते टोक आत दुमडून शिवण पुढे ओढली.

मी पुन्हा साक्षीदार, आणि पुन्हा मुकी.

त्याच वेळी आतल्या खोलीतून वैजिनाथांचा आवाज आला. "मंगळवारी दुकान बंद हाय. कपाशीवर मारायचं औषध हाय दुकानात, त्यातलं आणतो. पंपानं सगळी खोली फवारतो. एक कातीण राहायची न्हाई."

"घरात ते औषध?" शिवांजलीनं विचारलं. "वास जाईल का त्याचा? पोरगी तिथंच झोपती."

"दोन दिवस आत झोपू दे तिला. पोरीचा डोळा मोठा का वास मोठा?"

ती "बरं" म्हणाली.

कपाशीचं औषध म्हणजे काय हे मला माझ्या पायांनी माहीत होतं; वासही आम्हाला पायांनीच कळतो. दुकानातून पोत्यांवर बसून येणाऱ्या माशा कधी कधी भिंतीवर गोल गोल फिरून मरायच्या. त्यांच्या अंगाला तो वास असायचा. अंडी घेऊन मला पळता येत नव्हतं. अंडी सोडून पळायचं नव्हतं. रेशमाच्या आत पिल्लांची हालचाल नुकतीच सुरू झाली होती. अजून पाच-सहा दिवस हवे होते आणि मला दीड दिवस मिळाला होता.

सोमवारी शिवांजलीनं खोली रिकामी करायला घेतली. कापडं गेली, गिऱ्हाइकांच्या पिशव्या गेल्या, आरसा गेला. मग ती रिळांच्या पाटीकडे आली. तिनं रिळं काढली, खिळ्यावरून पाटी उचलली आणि उलटी केली.

माझ्यावर लख्ख उजेड पडला.

तिच्या एका हातात पाटी होती, दुसऱ्या हातात झाडू. मी पांढऱ्या रेशमावर उभी होते. पळायला वाट होती, पण मी पुढचे दोन पाय वर केले. एवढंच माझं शस्त्र. तिच्यापुढे ते काय होतं? तिनं नुसती फुंकर मारली असती तरी मी उडाले असते. शिवांजलीनं झाडू उचलला. तो माझ्यापासून बोटभर अंतरावर येऊन थांबला. तिचा श्वास माझ्या केसांना लागत होता. तिनं माझे पाय मोजले असावेत, कारण तिची नजर उजव्या बाजूला रिकाम्या जागेवर थांबली. मग तिनं अंडी पाहिली.

"पोरं हायत का गं?" ती अगदी हळू म्हणाली.

तिच्या मागून मल्लम्मा आजींनी विचारलं, "घावली का?"

"न्हाई, आत्या," ती म्हणाली, आणि पाटी होती तशी खिळ्यावर लावून दिली.

पण तिचं मन स्थिर नव्हतं. त्या दिवशी ईश्वरीचा डोळा धुताना ती रडली. मुलीला इजा करणाऱ्या जिवाला आपण लपवलं, असं तिला वाटत असणार. मी तिला दोष देत नाही. मीही आई होते.

मंगळवारची सकाळ झाली. वैजिनाथांनी अंगणात पंप भरला. तोंडाला रुमाल बांधला, पंप पाठीवर घेतला. औषधाचा उग्र वास दारातून आत आला आणि माझे केस ताठ झाले. मी रेशमावर आणखी एक थर विणला. त्यानं काही होणार नव्हतं, पण नुसतं बसवत नाही.

शिवांजली खिडकी लावायला आत आली. खिडकीची कडी वर होती. तिनं हात लांब केला आणि कळवळून मागे घेतला. बाही वर सारून तिनं कोपर पाहिलं.

कोपराच्या घडीत दोन लाल चट्टे होते, बारीक फोड आलेले. घडीच्या वर एक आणि घडीच्या खाली एक. कागदावर ओली शाई टाकून कागद दुमडावा आणि दोन्हीकडे सारखीच नक्षी उठावी, तसे.

ती पळत बाहेर गेली, पिशव्यांच्या ढिगातून पांढरं अस्तर उपसून आत आणलं, आणि दुमडलेल्या टोकाची शिवण दातानं उसवली. आत पिवळट डाग होता. डागात एक चिरडलेला किडा. अर्धा नारिंगी, अर्धा काळा.

वैजिनाथ दारात आले. "सरक बाजूला. भरून झालाय पंप."

"थांबा जरा."

"आता कावून थांबायचं?"

"माझा हात बघा आधी."

मल्लम्मा आजी मागून पुढे आल्या. हात बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "तुझ्यावर बी मुतली का? वैजू, मार बाबा औषध, लवकर मार."

"आत्या, माझ्या अंगावर कातीण आली नव्हती," शिवांजली म्हणाली. ती दारातून हलली नाही. "परवा शिवताना हाताच्या घडीत कायतरी चिरडलं. मी ह्या कापडानं पुसलं. हे बघा. हाच किडा. आन् ईश्वरी गुरुवारी इथंच लायटीखाली बसलती."

"एका किड्यावरून तू ठरिवती का?"

"तुमी एका रेघेवरून ठरिवलंच की."

सुनेनं आजींना असं उत्तर याआधी कधी दिलं नसावं, कारण वैजिनाथ आधी आईकडे बघत राहिले. पंपाच्या नळीतून एक थेंब उंबऱ्यावर पडला.

"सरकती का न्हाई?" त्यांनी पुन्हा विचारलं.

शिवांजली आत आली, मशीनसमोरच्या स्टुलावर बसली आणि अस्तर मांडीवर पसरलं. "मारा मंग. मी इथंच हाय."

मी फटीतून तिचा पाठमोरा खांदा बघत होते. माझ्या पोटाखाली तीस जीव वळवळत होते, आणि एक बाई विषाच्या पंपासमोर बसली होती. ती माझ्यासाठी बसली नव्हती हे मला कळत होतं. आपल्या मुलीला नेमकं कशानं पोळलं हे तिला समजून घ्यायचं होतं. चुकीचा जीव मारून खरा तसाच राहिला, तर उद्या दुसरा डोळा जाईल हे तिला कळलं होतं.

वैजिनाथांनी पंप खाली ठेवला. तोंडावरचा रुमाल ओढून ते वाकले आणि त्यांनी अस्तरावरचा किडा जवळून पाहिला.

"हा तर कपाशीत असतो," ते म्हणाले. "शेतकरी दुकानात इचारतात याच्याबद्दल. मीच सांगतो त्यांना, मारू नका, पिकावरचा मावा खातो, आपल्या कामाचा हाय. पर हा घरात... हा अंगावर चिरडला तर असं होतं?"

"संध्याकाळी बघू," शिवांजली म्हणाली. "तवर फवारू नका."

त्या संध्याकाळी मल्लम्मा आजींनीच स्वतःचं पांढरं लुगडं आणलं आणि ट्यूबलाइटखाली अंथरलं. खिडकी उघडी ठेवली. सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. ईश्वरीला दारापलीकडे बसवलं होतं. पहिला किडा पडायला फार वेळ लागला नाही. मग दुसरा. जेवणाची वेळ होईपर्यंत लुगड्यावर चौदा नारिंगी-काळे किडे चालत होते. आजी वाकून एकेकाकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी कागदाच्या घडीवर ते अलगद उचलले आणि खिडकीबाहेर शेताच्या बाजूला झटकले.

"लई कातिणी मारल्या मी," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीला बारीक जाळी बसली. अंगणात एक दिवा लागला, म्हणजे पाखरं तिकडे जातील. अंगावर किडा दिसला तर चोळायचं नाही, फुंकर मारून उडवायचा आणि साबणानं धुवायचं, असं ईश्वरीला पाठ करून घेतलं. पंप दुकानात परत गेला. ईश्वरीचा डोळा आठवड्यात उघडला. मानेवर तपकिरी डाग राहिला, तोही आता फिकट होत आहे.

शनिवारी माझी पिल्लं बाहेर पडली. सव्वीस. चार अंडी फुटलीच नाहीत. कदाचित झाडूच्या धक्क्यानं, कदाचित नुसतीच. पिल्लं चार दिवस माझ्याजवळ राहिली, मग एकेक करून आपापल्या वाटेनं गेली. कोणी छताकडे, कोणी दाराच्या चौकटीवर. आम्ही निरोप घेत नाही.

मित्रांनो, आता मी फार उड्या मारत नाही. समोरचे डोळे अंधुक झाले आहेत आणि सात पायांनी झेप वाकडी जाते. परवा मी भरदुपारी मशीनजवळच्या भिंतीवर ऊन खात बसले होते. सुंदरबाई म्हणून शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या. त्यांनी मला पाहिलं, पायातली चप्पल काढली आणि हात उगारला. मला हलता आलं नाही.

चप्पल खाली आली नाही. मल्लम्मा आजींनी त्यांचं मनगट धरलं होतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी बघा काय हाय ते. मंग मारा वाटलं तर."

सुंदरबाई वाकल्या. मी त्यांच्याकडे वळले. दोघी म्हाताऱ्या बाया बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, आणि सुंदरबाईंनी चप्पल पायात घातली.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं याहून मोठं नाही. आम्हाला पाळू नका, आम्हाला नावही ठेवू नका. फक्त हात उगारण्याआधी एकदा वाकून बघा.